यमुनेच्या हातची सुई

आमची नर्स यमुना गेल्याचं मला कळलं ते भरदुपारी. सुया-पिचकाऱ्या उकळायला ठेवल्या होत्या. तिचा भाऊ दवाखान्याच्या मागच्या दारात येऊन उभा राहिला, सायकल भिंतीला न टेकवता तशीच हातात धरून. मी म्हटलं, "काऊन गा, एकटाच आला? यमुना कुठं आहे? डॉक्टरसाहेब वाट पाहून राहिले." तो म्हणाला, "बाई गेली, मावशी." "कुठं गेली?" असं मी विचारलं... आणि विचारता विचारताच समजलं. त्यांच्या गावात पटकीची साथ आली होती. ती चार दिवसांच्या सुटीवर माहेरी गेलेली, पण स्वस्थ बसणं तिला कुठं येत होतं? घरोघर मीठपाणी पाजत फिरली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच आडवी झाली. असली बातमी ऐकली की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात. मला तसं काही झालं नाही. खरं तेच लिहिते. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता मला सुई कोण देईल? रडू नंतर आलं. आधी भीती आली, आणि हातातला चिमटा उकळत्या पाण्यात पडला.

पुढच्या सोमवारी माझं पोट फाडायचं होतं. पोटात गाठ होती, कच्च्या बेलाएवढी. गोंदियाच्या या दवाखान्यात मी अठरा वर्षं आया आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, बाकीचं इथंच शिकले. किती बायांची पोटं उघडलेली मी पाहिली त्याचा हिशेब नाही. रक्ताला मी भीत नाही, चाकूला भीत नाही, कारण चाकू लागतो तेव्हा बाई झोपलेली असते. मी भिते ती झोपेच्या सुईला. तिच्या वेळी बाई जागी असते.

पूर्वी आमच्याकडे क्लोरोफॉर्म होता. तोंडावर जाळी धरायची, वर थेंब थेंब टाकायचं, आणि चौघांनी हातपाय दाबून धरायचे. बाई गुदमरायची, शिव्या द्यायची, मग ढिली पडायची. लढाईच्या दिवसांत बिरसीच्या विमानतळावर पलटणीचा एक गोरा डॉक्टर होता. त्याची आणि आमच्या डॉक्टरसाहेबांची ओळख झाली, आणि त्यानं काचेच्या बाटल्यांत पिवळी भुकटी आणून दिली. ती पाण्यात विरघळवायची आणि शिरेत टोचायची. दहा आकडे मोजायच्या आत माणूस झोपतो, असं डॉक्टरसाहेब आनंदानं सांगत होते. झोपतो हे खरं. पण त्या दहा आकड्यांत काय होतं, ते भुकटी देणाऱ्यानं सांगितलं नाही.

पहिली बाई आमगावकडची होती. डॉक्टरसाहेबांनी तिच्या मनगटामागची शीर धरली, कारण ती डोळ्यांना दिसत होती. औषध आत जायला लागलं आणि बाईनं अशी किंकाळी फोडली की बाहेर झाडाखाली बांधलेले बैल उठून उभे राहिले. "जळला वं माय, हात जळला!" तिनं हात झटकला, सुई शिरेतून सुटली, आणि उरलेलं औषध मांसात गेलं. हात कोपरापर्यंत सुजला, सुईच्या जागी कातडी काळी पडली. त्या बाईच्या पोटाची जखम आधी भरली आणि हाताची नंतर. ही गोष्ट बाजाराच्या दिवशी सगळीकडे पसरली. गोंदियाच्या दवाखान्यात सुईतून निखारा घालतात, असं बाया एकमेकींना सांगायच्या. एकीला नवऱ्यानं बंडीत घालून आणलं होतं. फाटकाशी येताच ती उतरली आणि पोटातल्या दुखण्यासकट धानाच्या बांध्यांतून पळत सुटली. मागे नवरा, त्याच्या मागे डॉक्टरसाहेब. मला हसू आलं होतं. पण आतून मी त्या बाईच्या बाजूची होते.

यमुना आली ती त्याच सुमारास. अर्जुनीकडच्या पोवार शेतकऱ्याची लेक, वयानं तिशीची. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत वारला आणि भावानं नागपूरला नर्सिंग शिकायला घातलं. दिसायला काडीसारखी, आवाज मात्र गडीमाणसाचा. पहिल्याच दिवशी मी तिचा हात पाहिला. आमच्याकडे मुलींचे हात गोंदवून घेतात. हिच्या डाव्या हातावर मनगटाशी फुलाच्या तीन पाकळ्या होत्या आणि पुढं कोरा हात. मी म्हटलं, "हे काय व? गोंदणारीची शाई संपली का?"

ती म्हणाली, "शाई नाही संपली, मावशी. मी पळाली."

"अशी कशी पळाली? धरून नाही ठेवलं कोणं?"

"दोघींनं धरलं होतं. एकीले चावली."

"अन आता लोकांले सुया टोचतेस! लाज नाही वाटत?"

"मले माहीत आहे न कशी टोचू नये ते," ती म्हणाली. थट्टेत म्हणाली, पण ते तसंच होतं. सुईला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. सुईला भिऊन सुईच हातात घेतलेलं माणूस तेवढं एकच पाहिलं.

तिनं काय केलं ते सांगते. एक दिवस ती औषध कालवत होती. आदल्या दिवशी विळीनं तिचं बोट कापलं होतं. त्या चिरेवर औषधाचा एक थेंब पडला आणि ती हात झाडत मोरीकडे धावली. पाण्याखाली बोट धरलं, आग थांबली. पुन्हा मुद्दाम एक थेंब टाकला. पुन्हा पाणी. मी म्हटलं, येडी झाली का ही? ती तशीच डॉक्टरसाहेबांकडे गेली. "साहेब, हे चुन्यासारखं लागते. पानाले घट्ट चुना लागला की जीभ पोळते. पातळ केला की नाही पोळत. आपण पाणी दुप्पट घालून पाहू."

डॉक्टरसाहेब म्हणाले, "यमुनाबाई, हे औषध आहे, पानाचा ठेला नाही."

"औषध तेवढंच जाईल न, साहेब. पाणी तेवढं जास्त. वेळ लागेल थोडा."

ते हसले, मग कपाळाला आठ्या घालून पुस्तक उघडून बसले, मग म्हणाले, "बरं, करून पाहा." मोठ्या मनाचे आहेत, पण घाईचे आहेत.

पाणी वाढवल्यावर किंकाळ्या कमी झाल्या. पण बाईचा हात भीतीनं थंड पडला की शीर आत दबून बसते, सापडतच नाही. त्यावर यमुनेनं बाळंतिणीचा शेक काढला. धानाचा कोंडा तव्यावर गरम करायचा, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि हातावर ठेवून द्यायची. गिरण्या शेजारीच, कोंड्याला काय तोटा? हात ऊबदार झाला की शीर फुगून वर यायची. मनगटामागची बारीक शीर तिनं सोडूनच दिली, कोपराच्या खळीतली जाड शीर धरायची. आणि औषध इतकं हळू सोडायची की डॉक्टरसाहेब हात धुऊन उभे राहून कंटाळायचे. "यमुनाबाई, दिवाळीपर्यंत होईल ना?" ती मान वर न करता म्हणायची, "होईल, साहेब. नरकचतुर्दशीच्या आत करतो."

पण मला वाटतं, या सगळ्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती. ती बाईला सुई दाखवायची. आम्ही बाकी सगळे सुई लपवायचो. ती समोर धरून सांगायची, "हे अशी आहे. टोचेल. मग हातात ऊन वाटेल. जळलं तर ओरड. तू ओरडली की मी थांबीन." आणि खरंच थांबायची. बाई ओरडली की तिचा अंगठा जागच्या जागी थिजायचा. सुई शिरेतच आहे की नाही ते पाहायची, वाट पाहायची, बाईला विचारून मग पुढं. आपण ओरडलो की थांबतात, हे बाईला एकदा कळलं की ती कमी ओरडायची. कशानं ते मला सांगता येत नाही. मी पाहिलं तेवढं सांगते.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला जड जातं. पण ते सोडलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

कचारगडच्या बाजूची, डोंगरातली एक बाई आली होती. नाव सुकवारो. पोट उघडायचं होतं. बायांच्या अंगावरचं सगळं काढून घेणं माझं काम. तिच्या उजव्या दंडात चांदीची जाड वाकी होती, लग्नात सासूनं घातलेली. तेव्हाचा बारीक दंड आता भरला होता आणि वाकी मांसात रुतून बसली होती. साबण लावून ओढली, निघेना. ती रडायला लागली, "नोको काढू वो बाई, माझ्या माणसाले काही होईल." मी विचार केला, पोट फाडायचं आहे, दंडाचं काय अडलं? वरून पदर गुंडाळला आणि सोडून दिलं. यमुनेनं मला विचारलं, "मावशी, सगळं काढलं न?" मी म्हटलं, "हो."

तो हात शेकला, कोपराच्या जरा वर रबरी नळी बांधली, आणि शीर अशी टम्म आली की यमुना खूष झाली. सुई सहज गेली. नळी सोडली. औषध सुरू केलं. थोड्याच वेळात सुकवारो म्हणाली, "हात जळून रायला." यमुना थांबली. पुन्हा थोडं दिलं. "जळून रायला वो!" एवढ्या औषधात दुसरी बाई घोरायला लागली असती. हिचे डोळे टक्क उघडे. डॉक्टरसाहेब म्हणाले, "झोपली नाही अजून. द्या पुढे."

मला माहीत होतं... काय माहीत होतं ते माहीत नव्हतं, पण वाकी माहीत होती. मी तोंड उघडलं नाही.

यमुना म्हणाली, "थांबा, साहेब. हात जळून राहिला अन डोळे ताजे आहेत. औषध वर जाऊनच नाही राहिलं." सुई तशीच धरून तिनं दुसरा हात पदराखाली घातला आणि दंडापर्यंत नेला. तिचा चेहरा मी पाहिला. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. नळी सोडली होती, पण वाकी दुसऱ्या नळीसारखी बसली होती. सगळं औषध तिच्या खाली तुंबलं होतं. डॉक्टरसाहेब वाकीला हात घालायला गेले तशी यमुना ओरडली, "एकदम नको! सगळं एकाच दमात छातीत जाईल." आणि तिनं पिचकारीचा दांडा उलटा ओढला. काळपट रक्त आलं, औषध मिसळलेलं. जितकं निघालं तितकं काढलं. मी गिरणीत धावत गेले, पक्कड आणली. डॉक्टरसाहेबांनी वाकी तोडली आणि बोटांनी थोडी थोडी सैल केली. तरी सुकवारोचा श्वास थांबला. डॉक्टरसाहेब छाती दाबत होते, यमुना जबडा वर धरून होती, मी भिंतीला पाठ लावून मनात आकडे मोजत होते. सत्तावीसला तिनं श्वास घेतला.

ती वाचली. पुढच्या आठवड्यात तिच्या पोटाचं कामही झालं. वाकीचे तुकडे पदराच्या गाठीत बांधून ती घरी गेली, आणि नवरा अजून ठणठणीत आहे. पण त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वाकी कोणी ठेवली?" मी उभी होते. यमुना म्हणाली, "सुई माझी होती, साहेब. मी पाहायला पाहिजे होतं." ते तिला फार बोलले. निष्काळजी म्हणाले, नागपूरला परत पाठवीन म्हणाले. ती खाली पाहून ऐकत होती आणि मी सांडलेलं पुसत होते. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ही मला फाडून खाईल. ती एवढंच म्हणाली, "मावशी, मले खोटं सांगत नको जाऊ. मी तुझ्या शब्दावर सुई टोचतो." त्या दिवसापासून ती प्रत्येक बाईच्या दंडावरून स्वतः हात फिरवून पाहायची. माझ्या "हो"वर मात्र पुन्हा कधी विसंबली नाही.

माझी गाठ तिनंच ओळखली. मी वर्षभर लपवली होती. बादली उचलताना मी दात आवळले, तिनं पाहिलं. "पोटात काय आहे व?" "वारा." "वारा हाताले लागत नाही, मावशी. झोप इथं." हात लावून पाहिल्यावर ती हसली नाही, त्यानंच मी समजले. मी सांगितलं, मी त्या टेबलावर चढणार नाही. मरेन, पण सुई घेणार नाही. ती म्हणाली, "मी देईन न." मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाच्या हातात दिलीस तर उठून पळीन." "पळ. मी पकडीन. मले पळण्याचा अनुभव आहे." असं ठरलं होतं. सुटीहून आली की सोमवारी. आणि मग भाऊ आला, सायकल हातात धरून.

मी पळायचं ठरवलं. तिरोड्याला लेक दिलेली आहे. लुगड्यांची गाठोडी बांधून दारापर्यंत आले तर डॉक्टरसाहेब समोर. गाठोडीकडे पाहून म्हणाले, "मावशी, गाठ थांबणार नाही." मी म्हटलं, "तुमच्या हातची सुई मी पाहिली आहे, साहेब. पहिल्या बाईचा हात पाहिला आहे." दुसरा डॉक्टर रागावला असता. ते बाकावर बसले. मग म्हणाले, "ती कसं करायची ते मी नीट पाहिलंच नाही. माझं लक्ष पुढच्या कामावर. तुम्ही रोज शेजारी उभ्या होता. मला सांगा."

मग चौथी शिकलेल्या बाईनं डॉक्टरला शिकवलं. पाणी किती, कोंडा किती गरम, कोणती शीर, अंगठा कसा थांबवायचा. ते वहीत उतरवून घेत होते. "शीर धरण्याआधी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दंडावरून हात फिरवायचा. स्वतः. कोणी सांगितलं म्हणून विश्वास नाही ठेवायचा." "हे केव्हापासून?" इथं मी सांगून टाकलं. वाकी मी ठेवली. विचारलं तेव्हा हो म्हटलं. तुम्ही तिला बोलत होता तेव्हा मी फरशी पुसत होते. त्यांची पेन्सिल थांबली. ते म्हणाले, "मी तिला फार बोललो त्या दिवशी." मी म्हटलं, "हो." जिची माफी मागायची, ती नव्हती.

सोमवारी मी टेबलावर चढले. कोंडा सकाळी मीच भाजला होता. सगळं माहीत असण्याचा काही उपयोग होत नाही, उलट भीती वाढते. बाकीच्या बायांना एकच भीती असते, मला प्रत्येक पायरीची वेगळी होती. डॉक्टरसाहेबांनी यमुनेचा पितळी डबा उघडला. आमच्या सुया पुन्हा पुन्हा वापरायच्या असतात. टोक बोथट झालं की ती कातडीला टोचत नाही, फाडते. यमुना त्या दगडावर घासून ठेवायची. डब्यात तिनं घासलेली एकच सुई उरली होती. त्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि अडखळत म्हणाले, "ही अशी आहे... टोचेल." मी म्हटलं, "दंड पाहिला का?" "पाहिला." "पुन्हा पाहा." त्यांनी पुन्हा पाहिला.

सुई गेली ते चिलट बसल्यासारखं. मग हातात ऊब आली, आणि मग जळलं. खांद्याकडे जळत निघालं. मी ओरडले. सगळा जीव एकवटून ओरडले, कारण मला ठाऊक होतं की हा माणूस थांबणार नाही.

ते थांबले. माझ्या तोंडाकडे पाहत, अंगठा तसाच धरून, घाईचा तो माणूस थांबून राहिला. जळणं ओसरलं. मी म्हटलं, "आता द्या." तोंडात कच्च्या कांद्याची चव आली, आणि पुढचं मला माहीत नाही.

गाठ निघाली. आता मी पुन्हा कामावर आहे, बादल्या तेवढ्या उचलत नाही. यमुनेच्या जागी नवी नर्स आली आहे, पोरगी हुशार आहे. सुया आता मी घासते. डोळ्यांना टोक दिसत नाही, म्हणून घासून झाली की धुऊन माझ्याच हातावर टेकवून पाहते, मग उकळायला टाकते. प्रत्येक वेळी छातीत धडधडतं. या वयात, रोज. परवा नव्या पोरीनं पाहिलं आणि विचारलं, "मावशी, काऊन स्वतःले टोचून राहिली? सुईले भेत नाहीस का?"

मी म्हटलं, "भेतो म्हणूनच हातात घेतली आहे."